तीन जुनी विमानं आणि एक नवा देश



२१ जुलै २०२५ ला भर दुपारी, शाळा सुटायच्या सुमाराला, बांगलादेशात ढाका शहरातल्या एका शाळेवर हवाई दलाचं विमान कोसळलं. ती बातमी आपण केंद्रावरून सांगितली आणि निफाडकडच्या एका बचत गटातून फोन आला. बाई म्हणाल्या, "ताई, ते विमान आपल्या ओझरचं होतं का हो?" आणि फोन ठेवता ठेवता दुसरा प्रश्न टाकला, "एवढ्या गरीब देशाला हे हवाई दल लागतंच कशाला?"

पहिल्याचं उत्तर सोपं होतं. ते विमान ओझरचं नव्हतं. पण अगदी परकंही नव्हतं, चुलत घराण्यातलं होतं. सोव्हिएत रशियाने १९५० च्या दशकात मिग-२१ नावाचं लढाऊ विमान तयार केलं. त्याचा आराखडा भारताला मिळाला, तसा चीनलाही मिळाला. आपल्याकडे त्याचा सांगाडा नाशिकजवळ ओझरच्या कारखान्यात तयार व्हायचा आणि इंजिन ओडिशात कोरापुटला. चीनने त्याच घाटाचं जे विमान काढलं, त्याचं नाव एफ-७. बांगलादेशाने घेतलेली शेवटची एफ-७ विमानं २०१३ ची आहेत. म्हणजे बांधणी नवी, पण घाट आजोबांच्या काळातला. आपल्या हवाई दलाने मिग-२१ ला त्याच वर्षी, २६ सप्टेंबर २०२५ ला, चंदीगडमध्ये निरोप दिला.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र आम्हाला फोनवर देता आलं नाही. आम्ही तिघी-चौघी बसलो, वाचलं, एकमेकींना विचारलं. बांगलादेशाचं हवाई दल कसं जन्माला आलं ते कळत गेलं तसा तो प्रश्नच वेगळा दिसायला लागला. म्हणून आजचा भाग त्यावर.

आधी थोडं मागे जाऊ. १९४७ ला पाकिस्तान झाला तो दोन तुकड्यांचा. एक पश्चिमेला, एक पूर्वेला, आणि मधे सोळाशे किलोमीटर भारत. आज ज्याला बांगलादेश म्हणतात तो पूर्वेकडचा तुकडा. क्षेत्र म्हणाल तर आपल्या महाराष्ट्राच्या निम्म्याहून कमी, पण १९७१ ला तिथे साडेसात कोटी माणसं होती. भात, ताग, मासळी आणि नद्या. कारभार सगळा पश्चिमेकडून चालायचा. सैन्य तिकडच्यांचं, तिजोरी तिकडे, विमानंही तिकडेच.

विमानं तिकडे असणं म्हणजे काय, ते १२ नोव्हेंबर १९७० च्या रात्री कळलं. भोला बेटाच्या बाजूला समुद्रातून चक्रीवादळ आलं. पाण्याची भिंत गावांवरून गेली. सकाळी किमान तीन लाख माणसं नव्हती. काही जण पाच लाख सांगतात. मोजणार कोण, कारण अख्ख्या गावात मोजायला माणूस उरला नव्हता. तो मुलूख नद्यांनी चिरलेला. रस्ता नाही, होड्या वाहून गेलेल्या. तिथे पोचायचं तर हेलिकॉप्टरनेच. आणि हेलिकॉप्टर नव्हती. सैन्याची हेलिकॉप्टर पश्चिमेकडेच राहिली. सरकार म्हणालं, भारत आपल्या हद्दीवरून जाऊ देत नाही. भारताने सांगितलं, ही गोष्ट खरी नाही. हे चाललं असताना ब्रिटनची, अमेरिकेची हेलिकॉप्टर हजारो मैलांवरून येऊन तांदूळ टाकत होती. आपल्याच देशाचं हवाई दल आलं नाही, ही गोष्ट तिथल्या लोकांच्या काळजात रुतली. पुढच्याच महिन्यात निवडणूक झाली. पूर्वेकडच्या १६२ जागांपैकी १६० जागा शेख मुजीबुर रहमान यांच्या अवामी लीगला मिळाल्या. वादळ हे त्याचं एकमेव कारण नव्हतं. भाषेचा अपमान होता, पैशाची लूट होती, वीस वर्षांची खदखद होती. पण लोकांनी मत टाकलं तेव्हा डोळ्यांपुढे ते रिकामं आभाळ असणारच, असं आम्हाला वाटतं.

निवडणूक जिंकूनही सत्ता दिली नाही. २५ मार्च १९७१ च्या रात्री लष्कराने ढाक्यात कत्तल सुरू केली. पुढच्या महिन्यांत एक कोटी माणसं सीमा ओलांडून भारतात आली. आपल्यातल्या साठी-सत्तरीच्या बायकांना आठवत असेल, तेव्हा टपालाच्या पाकिटावर निर्वासितांसाठी पाच पैशांचं जादा तिकीट लावावं लागायचं.

पाकिस्तानच्या हवाई दलात बंगाली माणसंही होती. वैमानिक थोडे, मेकॅनिक जास्त. मार्चनंतर त्यांच्यावरचा विश्वास उडाला. त्यांना विमानांजवळ फिरकू देईनात. ज्यांना जमलं ते पळाले. ए. के. खोंदकर हे ढाक्याच्या हवाई तळावरचे मोठे अधिकारी. ते मे महिन्यात घरच्यांना घेऊन सीमा ओलांडून आले आणि मुक्तिवाहिनीचे उपप्रमुख झाले. त्यांच्यासारखे बरेच जण शरणार्थ्यांच्या गर्दीतून आले. सुरुवातीला तर ते जमिनीवर बंदूक घेऊनच लढत होते, कारण उडवायला काही नव्हतंच.

त्यांनी भारत सरकारकडे मागणं लावून धरलं, आम्हाला विमानं द्या. भारत अजून युद्धात उतरलेला नव्हता. लढाऊ विमानं दिली असती तर जगभर बोभाटा झाला असता. शेवटी जे दिलं ते ऐकून तुम्हाला हसू येईल. एक डाकोटा, दुसऱ्या महायुद्धाच्या जमान्यातलं माल वाहायचं विमान. एक ऑटर, कॅनडातलं एका इंजिनाचं, डोंगराळ भागात छोट्या धावपट्टीवर रसद उतरवायचं. आणि एक ॲल्युएट हेलिकॉप्टर, ज्याला आपल्याकडे चेतक म्हणतात. तिन्हींपैकी एकही लढाईसाठी बनवलेलं नव्हतं. शेतावर नांगराला बैल हवा आणि कोणी म्हातारं तट्टू हातात द्यावं, तसं.

जागा दिली नागालँडमध्ये दिमापूरला. महायुद्धात बांधलेली जुनी धावपट्टी होती, भोवती जंगल आणि डोंगर. २८ सप्टेंबर १९७१ ला तिथे बांगलादेशाचं हवाई दल स्थापन झालं. आपले हवाई दलप्रमुख पी. सी. लाल हजर होते. देश अजून नकाशावर नव्हता आणि त्याचं हवाई दल दुसऱ्याच्या अंगणात उभं राहिलं. तुकडीचं नाव 'किलो फ्लाइट'. हे किलो आपल्या तराजूचं नव्हे. बिनतारी संदेशात इंग्रजी 'के' अक्षराला किलो म्हणतात, आणि खोंदकरांच्या नावाचं पहिलं अक्षर तेच.

माणसं किती? नऊ वैमानिक आणि पन्नासेक तंत्रज्ञ. नऊपैकी तिघेच हवाई दलातले, सुलतान महमूद, बद्रुल आलम आणि शमसुल आलम. बाकी सहा मुलकी. काही प्रवासी विमानं चालवणारे आणि काही चक्क पिकांवर औषध फवारणाऱ्या विमानांचे वैमानिक. हे वाचलं तेव्हा आम्ही थांबलोच. तुडतुड्यांवर फवारा मारणारा माणूस आता बॉम्ब टाकायला शिकणार होता. पण विचार करा, फवारणीचं विमान किती खालून उडतं! पिकाच्या शेंड्याला लागेल इतकं. दिमापूरला नेमकं तेच हवं होतं. शत्रूच्या रडारला दिसायचं नाही तर झाडांच्या शेंड्यांवरूनच जावं लागतं. रडार म्हणजे लांबून येणारं विमान हेरणारं यंत्र. ते जमिनीलगतचं नीट पाहू शकत नाही.

मग सुरू झालं ठोकाठोकीचं काम. भारतीय हवाई दलाचे ग्रुप कॅप्टन चंदनसिंग यांची देखरेख. ऑटरच्या दोन्ही पंखांखाली सात-सात रॉकेट बसवली. मागचं दार काढून तिथे मशीनगन लावली. तळाला भोक पाडलं, त्यातून अकरा-अकरा किलोचे दहा बॉम्ब हाताने ढकलायचे. हो, हातानेच. हेलिकॉप्टरलाही रॉकेट आणि बंदुका लावल्या आणि खालून गोळी लागू नये म्हणून तळाला एक इंच जाडीचा पोलादी पत्रा ठोकला. त्याने वजन वाढलं, पण जीव वाचणार होता. डाकोटालाही बॉम्ब टाकण्यासारखं केलं होतं, मात्र पुढे ते माणसं आणि सामान वाहायलाच ठेवलं. या सगळ्या कामात हात होते ते मेकॅनिकांचे. इतिहासात वैमानिकांची नावं येतात. ज्यांनी पत्रा कापला, रिबिटा मारल्या, त्यांची फार थोड्यांची येतात. आपल्याला हे नवीन नाही.

सराव रात्रीचा. अनोळखी डोंगर, दिवे बंद, दिशा दाखवायला नीट साधनं नाहीत. ऑटरचा वेग ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपास, तेव्हाची लढाऊ विमानं त्याच्या पाच-सहापट वेगाने जायची. दिवसा गाठ पडली असती तर संपलंच. म्हणून अंधार हीच त्यांची ढाल.

पहिला हल्ला २८ नोव्हेंबरला ठरला होता, तो पुढे ढकलला. ३ डिसेंबरला संध्याकाळी पाकिस्तानने पश्चिमेकडे आपल्या विमानतळांवर हल्ले केले आणि युद्ध उघड सुरू झालं. त्याच रात्री किलो फ्लाइटला हुकूम आला.

त्रिपुरातल्या कैलाशहरहून ऑटर निघालं, शमसुल आलम आणि अक्रम अहमद चालवत होते. त्यांना जायचं होतं लांब दक्षिणेला, चितगावच्या तेल शुद्धीकरण कारखान्यावर. तेलियामुराहून हेलिकॉप्टर निघालं, सुलतान महमूद आणि बद्रुल आलम यांच्या हाती. त्यांचं लक्ष्य ढाक्याजवळ नारायणगंजला, शीतलाक्षा नदीकाठची गोदनाइलची तेलाची कोठारं. खाली आपलीच गावं, आपल्याच नद्या. नकाशापेक्षा त्यांना नदीचं वळणच ओळखीचं असणार. दोन्हीकडे निशाणा लागला. टाक्या पेटल्या. लष्कराच्या गाड्या, बोटी, विमानं सगळं ज्या तेलावर चालतं, ते जळायला लागलं.

भारताच्या हवाई दलाने नंतरच्या दिवसांत पूर्वेकडे जे केलं ते याच्या कितीतरी पट मोठं होतं, त्यात वाद नाही. ढाक्याची धावपट्टी निकामी करून पाकिस्तानची विमानं जमिनीला खिळवली ती त्यांनीच. पण पूर्वेतला आभाळातून पहिला घाव घातला तो त्या देशाच्या स्वतःच्या माणसांनी, उसन्या विमानांतून. १९७० ला त्यांच्या आभाळात त्यांचं कोणी नव्हतं. एका वर्षात होतं. १६ डिसेंबरला ढाक्यात पाकिस्तानी सैन्य शरण आलं, तेव्हा बांगलादेशाच्या वतीने तिथे खोंदकर उभे होते.

इथे गोष्ट संपवली असती तर छान झालं असतं. शाळेच्या पुस्तकात बहुधा इथेच संपवतात. पण आम्हाला वाचताना एक बाई भेटली आणि तिने पुढे नेलं.

तिचं नाव मिली रहमान. तिचे यजमान मतिउर रहमान पाकिस्तानी हवाई दलात, कराचीच्या तळावर शिकवायचे. बंगाली असल्यामुळे त्यांचं उडणं बंद केलेलं. २० ऑगस्ट १९७१ ला त्यांनी एक शिकाऊ विमान पळवून भारतात आणायचा प्रयत्न केला. आत वीस वर्षांचा शिकाऊ वैमानिक होता, रशीद मिन्हास. हवेत दोघांची झटापट झाली आणि सीमेच्या अलीकडे थट्ट्याजवळ विमान कोसळलं. दोघे गेले. पाकिस्तानने मिन्हासला आपला सर्वोच्च शौर्य सन्मान दिला. बांगलादेशाने मतिउर यांना आपला सर्वोच्च सन्मान दिला, बीरश्रेष्ठ. एकाच विमानात दोन देशांचे दोन वीर. दोघांच्या आया मात्र सारख्याच रडल्या असतील.

मिली तेव्हा कराचीतच होत्या, दोन लहान मुलींसह. नवरा गेला, परका मुलूख, त्यात 'गद्दाराची बायको'. त्यांना काही काळ कैदेत ठेवलं. मतिउर यांना हवाई तळावरच्या हलक्या दर्जाच्या कबरस्तानात पुरलं होतं. मिलींनी पुढे हा विषय सोडला नाही. माझ्या माणसाला त्याच्या मातीत आणा, हे मागणं त्या वर्षानुवर्षं करत राहिल्या. सरकारं आली, गेली. जून २००६ मध्ये, पस्तीस वर्षांनी, मतिउर यांचे अवशेष ढाक्याला आले आणि मीरपूरला सन्मानाने दफन झाले. पस्तीस वर्षं, मैत्रिणींनो. मुली मोठ्या होऊन गेल्या.

नव्या देशाकडे पैसा नव्हता. पाकिस्तानी जाताना मोडतोड करून टाकून गेलेली काही सेबर विमानं मेकॅनिकांनी दुरुस्त करून उडवली. १९७३ ला सोव्हिएत मदतीतून बारा मिग-२१ आली, हेलिकॉप्टर आणि मालवाहू विमानंही आली. आणि १९७४ ला त्या देशात दुष्काळ पडला. माणसं हजारोंनी मेली, काही अभ्यासक लाखांत सांगतात. निफाडच्या बाईंचा प्रश्न तेव्हा तिथल्या बायकांनीही विचारलाच असेल. मिग फुकट आलं तरी त्याला तेल लागतं, सुटे भाग लागतात, आणि सुटा भाग द्यायचा की नाही हे देणाऱ्याच्या मनावर. म्हैस कोणी दान दिली तरी पेंड आपल्यालाच घालावी लागते ना! पुढे शेख मुजीब यांची १९७५ ला हत्या झाली, सरकारचा तोंडवळा बदलला आणि विमानं चीनकडून यायला लागली. एफ-७ त्यातलंच.

१९७७ चं आम्ही थोडं सावकाश सांगणार आहोत, कारण ते आपल्याकडे फारसं कोणाला ठाऊक नाही, आणि त्याचं एक टोक मुंबईत आहे.

२८ सप्टेंबर १९७७. बरोबर सहा वर्षांपूर्वी याच तारखेला दिमापूरला हवाई दल स्थापन झालं होतं. त्या दिवशी जपानचं एक प्रवासी विमान मुंबईहून उडालं आणि थोड्याच वेळात जपानी रेड आर्मीच्या अतिरेक्यांनी ते पळवून ढाक्याला उतरवलं. आत दीडशेच्या वर माणसं. साठ लाख डॉलर द्या आणि आमचे कैदी सोडा, ही मागणी. बांगलादेशाचे हवाई दलप्रमुख ए. जी. महमूद स्वतः विमानतळाच्या मनोऱ्यात बसून रेडिओवरून त्यांच्याशी बोलत राहिले. दिवसरात्र. सगळ्या जगाचं लक्ष त्या विमानाकडे, आणि २ ऑक्टोबरच्या पहाटे त्याच विमानतळावर हवाई दलातल्या शिपायांनी बंड केलं. त्यात हवाई दलाचे अकरा अधिकारी मारले गेले. ओलीस ठेवलेले प्रवासी शेवटी सुखरूप सुटले.

बंड काही तासांत मोडलं. त्यानंतर जे झालं ते मात्र खूप लांबलं. जनरल झिया उर रहमान यांच्या लष्करी राजवटीने घाईघाईने लष्करी न्यायालयं बसवली. वकील नाही, अपील नाही, काही मिनिटांत निकाल. शेकडो शिपायांना तुरुंगांतून फाशी दिलं. आकडा हजाराच्या वर होता असं अनेक जण सांगतात. त्यात बंडात खरंच असलेले किती आणि त्या रात्री नुसते बराकीत झोपलेले किती, हे कोणी नीट तपासलं नाही. घरी कळवलं नाही. प्रेतं दिली नाहीत. अनेक बायकांना आपण विधवा झालो हे माहीत नव्हतं. त्या वाट बघत राहिल्या. ना पेन्शन, ना कागद, ना कबर. वर 'बंडखोराचं घर' हा शिक्का.

या घरांतल्या मुलांनी पुढे एक संघटना केली, तिचं नाव 'मायेर कान्ना', म्हणजे आईचं रडणं. आमची माणसं कुठे पुरली ते सांगा आणि त्यांच्यावरचा डाग पुसा, एवढंच त्यांचं म्हणणं. तिथल्या राजकारणात एक पक्ष दुसऱ्याला टोचायला हा विषय वापरतो, तेही खरं. पण म्हणून त्या बायकांचं वाट बघणं खोटं ठरत नाही. ज्या मेकॅनिकांच्या हातांनी दिमापूरला पत्रे ठोकून हवाई दल उभं केलं, त्याच फळीतल्या माणसांचा हा शेवट.

आता परत वादळाकडे येऊ, कारण त्या देशात वादळ परत येतंच. २९ एप्रिल १९९१ च्या रात्री चितगावच्या किनाऱ्यावर आलं. सुमारे १ लाख ३८ हजार माणसं गेली. या वेळी देशाचं स्वतःचं हवाई दल होतं, समुद्राला लागून पतेंग्याच्या तळावर विमानं उभी होती. लाट त्यांच्यावरूनही गेली. बरीच विमानं मोडली. वादळाची सूचना होती, मग विमानं आधीच आत सुरक्षित का नेली नाहीत, यावरून देशात मोठा गदारोळ झाला. आखाती युद्धाहून परतणारं अमेरिकी पथक आपली हेलिकॉप्टर घेऊन मदतीला वळलं. म्हणजे वीस वर्षांनी पुन्हा परक्यांचीच हेलिकॉप्टर.

त्या वादळाचा एक आकडा आम्ही वहीत लिहून ठेवला आहे. वीस ते चव्वेचाळीस वयाच्या लोकांत दर हजारी पंधरा पुरुष गेले आणि एकाहत्तर बायका. पाणी काही बाई-पुरुष बघून येत नाही. बायका मागे राहिल्या कारण पोरं कडेवर होती. नवरा घरी नव्हता आणि त्याला न विचारता निघायचं कसं? निवाऱ्याच्या इमारतीत पुरुषांची गर्दी, तिथे जायचा संकोच. लुगडं पाण्यात पायात अडकतं. पोहायला कोणी शिकवलेलं नाही. यातलं कुठलं कारण आपल्या गावाला लागू नाही, ते तुम्हीच सांगा.

त्यानंतर तिथे मरणाऱ्यांची संख्या घटली. २००७ ला 'सिद्र' हे मोठं वादळ आलं, तेव्हा साडेतीन हजारांच्या आत माणसं गेली. तीही थोडी नाहीत, पण कुठे तीन लाख आणि कुठे हे. हे विमानांनी झालं नाही. उंच पक्के निवारे बांधले, आणि गावोगाव स्वयंसेवक उभे केले. हा कार्यक्रम १९७२ चा. रेडिओवर सूचना ऐकायची, भोंगा घ्यायचा, सायकलवरून नाहीतर पायी दारोदार सांगत सुटायचं. आज असे सुमारे ७६ हजार स्वयंसेवक आहेत आणि त्यात निम्म्या बायका. बाई दारात येऊन सांगते तेव्हा घरातली बाई निघते. रेडिओ चालवणाऱ्या आम्हा बायकांना हे वाचून किती बरं वाटलं, ते काय सांगावं.

हवाई दलातही बायका आल्या, उशिराने. डिसेंबर २०१४ मध्ये नायमा हक आणि तमन्ना-ए-लुत्फी या दोघींनी जेसोरच्या तळावर एकटीने हेलिकॉप्टर उडवलं. बांगलादेशाच्या लष्करी वैमानिकांत या पहिल्या दोघी. २०१७ च्या अखेरीस त्या संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत आफ्रिकेतल्या काँगोला गेल्या. तिथेही जंगल, नद्या, रस्ते नाहीत, आणि अडकलेल्या माणसांना वाट फक्त वरून. १९७० साली जे हेलिकॉप्टर भोला बेटावर आलं नव्हतं, तसलं हेलिकॉप्टर आता त्या बेटाच्या देशाच्या मुली दुसऱ्यांच्या मुलखात नेत होत्या.

तर निफाडच्या ताई, तुमच्या प्रश्नाचं आमचं उत्तर हे असं झालं. भोलाच्या किनाऱ्यावर तांदळाची वाट बघणाऱ्या बाईला हवाई दल हवंच होतं. दिमापूरच्या पोरांनाही हवं होतं. ते लागतं कशाला, यापेक्षा ते कुणासाठी उडतं आणि कुणाच्या डोक्यावरून उडतं, हे आम्हाला जास्त विचारावंसं वाटतं.

कारण २१ जुलैचं ते विमान ज्या तळावरून उडालं, त्या तळाला खोंदकरांचंच नाव आहे. तळ ढाका शहरात, भोवती दाट वस्ती. फ्लाइट लेफ्टनंट तौकीर इस्लाम हा तरुण वैमानिक त्या जातीच्या विमानात पहिल्यांदाच एकटा उडत होता. विमानात बिघाड झाला, विमान वस्तीपासून दूर न्यायचा त्याने प्रयत्न केला, असं लष्कराने सांगितलं. ते उत्तरा भागातल्या माइलस्टोन शाळेवर पडलं. तौकीर गेला. तीसहून जास्त जीव गेले, बहुतेक लहान मुलं. भाजलेल्यांसाठी आपल्याकडून दिल्लीचे डॉक्टर आणि परिचारिका ढाक्याला गेल्या.

त्या शाळेत महरीन चौधरी नावाच्या शिक्षिका होत्या. आग लागल्यावर त्या बाहेर पडू शकत होत्या. त्या आत जात राहिल्या आणि मुलांना बाहेर ढकलत राहिल्या. वीस तरी मुलं त्यांच्यामुळे वाचली असं सांगतात. त्या स्वतः जवळजवळ पूर्ण भाजल्या आणि त्याच रात्री गेल्या. दुसऱ्या दिवशी शाळेतली मुलं रस्त्यावर बसली. गेलेल्यांची खरी यादी द्या, घरच्यांना भरपाई द्या, आणि जुनी धोकादायक शिकाऊ विमानं बंद करा, या त्यांच्या मागण्या होत्या. हाताने लिहिलेले कागद धरून बसली होती ती मुलं, सरकारची माणसं समोर येईपर्यंत.